संगणकाच्या खोक्यावरही मुदत छापा

संपादक महोदय,

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची मोफत सुरक्षा अपडेट थांबली. विंडोज 11 वर जा, पैसे पडत नाहीत, असा मायक्रोसॉफ्ट कंपनीचा सल्ला आहे. पैसे पडत नाहीत हे खरं, पण त्यासाठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा व्यवस्था हवी आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर हवा. गिरगावात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवून देण्याचं, छोटं दुकान आहे. तिथला मुख्य संगणक 2018 साली घेतलेला आणि सातव्या पिढीचा. आठवी पिढी आदल्या वर्षीच बाजारात आली होती; पण दुकानदाराला शिल्लक माल खपवायचा होता, आणि गिऱ्हाइकाला पिढीबिढी कोण सांगत बसतो? मधल्या काळात रॅम वाढवली, एसएसडी बसवली. यंत्र आजही चार रंगांची पत्रिका न अडखळता उघडतं. तपासणीचा प्रोग्रॅम मात्र सांगतो, हा पीसी किमान निकषांत बसत नाही.

विंडोज 10 जुलै 2015 मध्ये आलं, म्हणजे कंपनीने दहा वर्षं सांभाळलं. पण ही दहा वर्षं कंपनीच्या हिशेबाची; 2018 च्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला सातच आली. लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात विचारलं तर एकाने सरळ नवा संगणक दाखवला. दुसरा म्हणाला, ‘ती तपासणी बायपास करून विंडोज 11 टाकून देतो, काही होत नाही.’ तसं करता येतं, पण निकषांत न बसणाऱ्या यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी नाही, असं कंपनीनेच जाहीर केलंय. जीएसटीचं रिटर्न आणि बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर चालतात, तिथे हा जुगार कोण खेळेल?

आमच्या धंद्याचं दुखणं आणखी वेगळं. मंडळांचे जुने अहवाल, दिवाळी अंकांच्या जाहिराती, पतपेढ्यांची पत्रकं, सगळं युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये अडकलेलं आहे. तो फॉन्ट नसला की ‘सस्नेह निमंत्रण’च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग उमटते. त्या टायपिंगच्या प्रोग्रॅमचा विक्रेता सांगतो, जुना डोंगल (प्रोग्रॅम चालण्यासाठी संगणकाला लावायची किल्ली) नव्या विंडोजवर चालणार नाही, नवी आवृत्ती घ्या. म्हणजे विंडोज फुकट, आणि त्यापायी संगणक, प्रोग्रॅम, जमलं तर प्रिंटरही नवा!

कंपनीने घरगुती ग्राहकांना एका वर्षाची वाढीव सुरक्षा मुदत देऊ केली. त्यासाठी 30 डॉलर मोजा, नाहीतर सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवा, नाहीतर तिचे रिवॉर्ड पॉइंट वापरा, अशी अट घातली. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथे ही अट काढली, फक्त कंपनीच्या खात्यातून लॉग-इन करणं ठेवलं. आपल्याकडे अशी सवलत जाहीर झाली नाही. मागितली कोणी, हाही प्रश्नच आहे.

बिस्किटाच्या पुड्यावर सुद्धा ‘कधीपर्यंत खावं’ ते छापलेलं असतं. वैधमापन नियमांमुळे पॅकबंद वस्तूवर एमआरपी आणि निर्मितीचा महिना-वर्ष छापावाच लागतो. त्याच लेबलवर एक ओळ वाढवावी: या यंत्राला सुरक्षा अपडेट किमान अमुक महिन्यापर्यंत मिळतील. युरोपीय संघाने जून 2025 पासून मोबाइल आणि टॅबलेटबाबत असा दंडक घातला आहे; मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यावी लागतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं. सुटे भाग आणि दुरुस्तीबरोबर सॉफ्टवेअरची मुदतही त्यात यायला हवी. मुंबई ग्राहक पंचायतीने हा विषय लावून धरावा, आणि दसरा-दिवाळीचे सेल लागण्याआधी धरावा, ही विनंती.

– एक डीटीपी व्यावसायिक, गिरगाव, मुंबई