संदर्भ द्यायला शिकवणाऱ्या टिपणाचीच चोरी: शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत गेली 23 वर्षे नववी-दहावीला मराठी आणि इतिहास शिकवते. आपल्या वेळेची किंमत जाणून असल्यामुळे आजवर मंत्र्यांना पत्र लिहिण्याच्या भानगडीत पडले नव्हते. परंतु गेल्या मंगळवारी मधल्या सुट्टीत मोबाइलवर जे पाहिले, त्यानंतर गप्प बसणे जमले नाही.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या वर्गासाठी चार पानांचे एक टिपण तयार केले होते. जसाच्या तसा घेतलेला मजकूर अवतरणचिन्हांत का ठेवावा, लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ यांची नोंद कशी करावी, संकेतस्थळ कोणत्या तारखेला पाहिले हे का लिहावे, आणि वाक्य आपल्या शब्दांत फिरवून लिहिले तरी मूळ विचार ज्याचा त्याचे नाव का द्यावे लागते, एवढाच त्याचा आवाका होता. माहिती जिवंत माणसाकडूनही मिळते आणि त्याचेही ऋण नोंदवायचे असते, हे मुलांना कळावे म्हणून नमुन्यादाखल मी माझ्या सासूबाईंची मुलाखत घातली होती. 1972 च्या दुष्काळात आमच्या मळ्यातल्या विहिरीचे पाणी किती हात खाली गेले होते, ते त्यांनी सांगितले होते. जिल्ह्यातल्या एका प्रशिक्षणात हे टिपण दाखवले, तेव्हा तेथील अधिकारी सर्वांसमक्ष म्हणाले, "बाई, हे आपण छापू आणि तुमच्या नावानिशी सगळ्या शाळांना पाठवू." त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते.

मंगळवारी ते टिपण पीडीएफ होऊन शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर आले. मुखपृष्ठावर तीन बोधचिन्हे, आत दोन शुभसंदेश, आणि 'संकलन' या शब्दापुढे दोन नावे, ज्यांना मी जन्मात कधी पाहिलेले नाही. माझे नाव कोठेही नाही. घाईघाईत टंकताना मी एके ठिकाणी 'पृष्ठ'ऐवजी 'पृष्ट' लिहिले होते; ते मात्र संकलकांनी निष्ठेने जपले आहे. सासूबाई 'एक ज्येष्ठ ग्रामस्थ' झाल्या आहेत. दुसऱ्याचे लेखन त्याचे नाव न देता वापरू नये, हे माझे वाक्य ठळक अक्षरांत चौकटीत टाकले आहे. मी फोन केला, तेव्हा उत्तर मिळाले की, "मॅडम, शासकीय कामात माझे-तुझे नसते." पगारबिलात ते फार काटेकोरपणे असते, हे त्यांना सांगायचे माझ्याकडून राहून गेले.

आपण म्हणाल, एका शिक्षिकेचे नाव राहिले म्हणून काय झाले. काय झाले, ते माझ्या टेबलावर पडलेल्या जलसुरक्षेच्या प्रकल्पवह्यांत दिसते. दहावीच्या माझ्या वर्गातल्या 58 वह्यांपैकी 41 वह्यांत पहिली तीन पाने शब्दशः एक आहेत. 'पाणी हे जीवन आहे' या सुरुवातीबद्दल माझी तक्रार नाही, ते वाक्य आता सर्वांच्या सातबाऱ्यावर चढले आहे. परंतु घरगुती पाणीवापराच्या कोष्टकातली बेरजेची चूकही 41 ठिकाणी तीच आहे. एसटी स्टँडसमोरच्या दुकानात हा प्रकल्प 80 रुपयांना तयार मिळतो, चिकटवायच्या चित्रांसह. शेवटच्या पानावर लाल स्केचपेनने नक्षी काढून लिहिलेले असते, 'संदर्भ : गुगल'. अरे, घराचा पत्ता विचारला तर कोणी 'एसटी स्टँड' असे सांगेल का? एका मुलाने मराठी विश्वकोशातली नोंद जशीच्या तशी उतरवली होती. दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवणारे त्यातले बाण त्याला शोभेचे वाटले, म्हणून ते त्याने हिरवे रंगवले. आणि नोंदीखाली तिच्या लेखकाचे नाव असते, तेही आडनाव आधी अशा पद्धतीने उतरवून टाकले. लेखकाचे नाव देणारा सबंध वर्गात तो एकटाच निघाला.

एका मुलीने मात्र स्वतःच्या वाडीतल्या हातपंपावर आठवडाभर सकाळी बसून कोणाच्या घरी किती हंडे गेले ते मोजले होते. सात पाने, शाई फुटलेली, चित्र एकही नाही. तिला मी 'अ' श्रेणी दिली आणि त्या 41 वह्या परत केल्या. दुसऱ्याच दिवशी पालक आले आणि मला कार्यालयात बोलावणे आले. "श्रेणीच तर द्यायची आहे, बाई, कशाला ताणता?" असे मला समजावण्यात आले. संध्याकाळपर्यंत 41 वह्यांवर मी 'अ' लिहिला. हे लिहिताना आजही हात जड होतो, पण माझा गुन्हा मी लपवणार नाही.

महोदय, 'कॉपी' हा शब्द आपल्या खात्याला ठाऊक नाही असे नाही. परीक्षेतील गैरप्रकारांसाठी 1982 चा कायदा आहे, भरारी पथके आहेत, बैठी पथके आहेत, कॉपीमुक्त अभियानाची शपथ आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोज्यात बोटभर चिठ्ठी सापडली तर मुलाचे वर्ष जाऊ शकते. डिसेंबरमध्ये सबंध वही विकत आणली तर त्याला 'अ' मिळतो. पुढे हाच मुलगा संशोधनाकडे वळला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे विनियम त्याची वाट पाहत उभे असतात: प्रबंधातले साम्य 10 टक्क्यांच्या वर गेले की दुरुस्ती करून पुन्हा सादर करा, 40 च्या वर गेले की वर्षभर सादर करायला बंदी, 60 च्या वर गेले की नोंदणीच रद्द. ते विनियम उच्च शिक्षणापुरते आहेत, शाळेला लागू नाहीत. म्हणजे पंधराव्या वर्षी ज्यावर आम्ही तारे काढून देतो, त्यावर पंचविशीत त्याची नोंदणी जाते, आणि शाळा संपेपर्यंत हे चूक का आहे ते सांगण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

राज्यात दरवर्षी सुमारे 16 लाख मुले दहावीला बसतात. माझ्या वर्गाचे प्रमाण त्यांना लावले, तर 11 लाखांहून अधिक वह्या उचललेल्या निघतील. एका वर्गावरून राज्याचा हिशेब मांडणे गणिताच्या शिक्षकांना पटणार नाही. त्यांनी स्वतःच्या वर्गातल्या वह्या मोजाव्यात आणि मला खोटे ठरवावे. आता तर 80 रुपयेही लागत नाहीत. मोबाइलवरचा चॅटजीपीटी प्रकल्पही लिहून देतो आणि मागितले की संदर्भयादीही देतो. गेल्या महिन्यात अशा एका यादीतले पुस्तक मी दोन ग्रंथालयांत शोधले, शेवटी प्रकाशकाला फोन केला. त्या नावाचे पुस्तक त्यांनी कधी काढलेलेच नव्हते.

शोधायला शिकवावे तर शोधायचे कोठे? आमच्या शाळेत ग्रंथपाल सहा वर्षे नाही. पुस्तकांचे कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे, किल्ली शिपाईमामांकडे आहे आणि मामांची निम्मी नोकरी बँकेच्या रांगेत जाते. मी स्वतः मतदारयाद्यांच्या कामावर असते, उरलेल्या वेळात ऑनलाइन माहिती भरते, आणि तीच माहिती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नमुन्यात पुन्हा भरते. खात्याची परिपत्रके तरी कोठे वेगळी असतात? वरून आलेल्या पत्रावर खालच्या कार्यालयाने आपला शिक्का मारायचा, त्याच्या खालच्याने आपला. मुलांनी उचलेगिरी दुकानातून शिकली असे मी समजत होते, ते बहुधा माझे चुकले.

कुमारभारतीच्या पाठांसोबत लेखकाचा परिचय छापलेला असतो. तो परीक्षेला नसतो, म्हणून वर्गात कोणी वाचत नाही. नववीला दोन तासिका द्या, आम्ही तेथूनच सुरुवात करू. प्रकल्पवहीत एक पान संदर्भांसाठी राखून ठेवा आणि श्रेणी देताना ते पान पाहणे बंधनकारक करा. त्या पीडीएफवर माझे नाव घातले नाही तरी चालेल, सासूबाईंचे घालावे. छापून येणार म्हणून त्यांनी सबंध भावकीला सांगून ठेवले आहे.

मूळ टिपणाची प्रत सोबत जोडली आहे. ओळख पटावी म्हणून 'पृष्ट' तसेच ठेवले आहे.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका