पाळकाच्या घरात जाताना

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, पाळकाची बायको होणं जमेल का गं मला?" तेव्हा दिवाणखान्यात आपल्या चर्चच्या मंडळीतली माणसं बसली होती, चहा ठेवायचा होता, म्हणून विषय बदलला. आता बाबा रविवारच्या उपदेशाची टिपणं काढत बसलेत आणि घर शांत आहे.

तुला ॲरन बर आणि एस्तेर यांच्याविषयी सांगते. अमेरिकन नेता अलेक्झांडर हॅमिल्टन याला द्वंद्वयुद्धात मारणारा ॲरन बर नव्हे, त्याचे वडील. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या नेवार्कचे ते प्रेसबिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाचे पाळक आणि १७४८ पासून तिथल्या कॉलेजचे अध्यक्ष. तेच आजचं प्रिन्स्टन विद्यापीठ. १७५२ मध्ये ते स्टॉकब्रिजला प्रसिद्ध उपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांच्या घरी जाऊन आले आणि मग एका विद्यार्थ्याला पाठवून त्यांची लेक एस्तेर आणि तिची आई यांना नेवार्कला बोलावून घेतलं. तिथेच लग्न झालं. ते छत्तीस वर्षांचे, ती वीस.

माणूस मोठा होता, यात शंका नाही. शिकवायचं, उपदेश करायचा, कॉलेजसाठी पैसा उभा करायचा, सगळं तेच बघत. १७५६ च्या अखेरीस ते विद्यार्थ्यांसह प्रिन्स्टनच्या नव्या दगडी इमारतीत, नासाऊ हॉलमध्ये गेले. पण त्याच घरात सीझर नावाचा एक विकत घेतलेला गुलाम होता. 'त्या काळी तसंच होतं' असं म्हणून मला ते सोडून देता येत नाही. वचन सांगणाऱ्या घरात एक माणूस कुणाच्या मालकीचा असावा, हे वाचताना माझ्या घशात अडकतं.

मला जवळची वाटते ती एस्तेर. पाळक, विश्वस्त, विद्यार्थी, सतत कुणी ना कुणी जेवायला. ही तिची तऱ्हा वाचली आणि मला आपलंच स्वयंपाकघर दिसलं. थोरली मुलगी सॅली पाच महिन्यांची असताना, ऑक्टोबर १७५४ मध्ये, तिने बॉस्टनच्या आपल्या मैत्रिणीसाठी, सेरा प्रिन्ससाठी, रोजनिशी लिहायला घेतली. पुढची तीन वर्षं पत्रांसारखी ती पाठवत राहिली. थकवा, भीती, प्रार्थना, राग, सगळं त्यात आहे. एकदा कॉलेजातला एक शिक्षक तिच्याशी बोलताना म्हणाला की बायकांना मैत्री कळत नाही. तासभर वाद घालून तिने त्याला गप्प केलं आणि तेही सेराला कळवलं.

मग सगळं भराभर कोसळलं. सप्टेंबर १७५७ मध्ये तापाने बर गेले. त्यांच्या जागी अध्यक्ष म्हणून तिचेच वडील आले. देवी टोचून घेतल्यावर मार्च १७५८ मध्ये तेही गेले. पंधरा-सोळा दिवसांत एस्तेर गेली. नातवंडांना न्यायला आलेली आजी ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियात गेली. चार वर्षांची सॅली आणि तिचा दोन वर्षांचा भाऊ ॲरन, तोच पुढे द्वंद्वयुद्ध लढलेला, एवढे उरले. पुढे त्यांच्या टिमथी मामाने त्यांना वाढवलं.

नेवार्कच्या त्या घरात रोज काय घडत होतं, ते आपल्याला एस्तेरच्या कागदांतून कळतं. नवऱ्याच्या एकाही उपदेशातून ते कळलं नसतं.

माझीही मिरजेला एक मैत्रीण होती. आठवड्याला एक आंतर्देशीय पत्र जायचं. तू झालीस, मंडळी वाढली आणि मीच लिहायचं थांबवलं. कुणी अडवलं नव्हतं. दोन ओळी लिहायला लागणारा वेळ मला स्वतःसाठी मागता आला नाही. ती चुटपुट अजून आहे, म्हणून तुला एवढं लांबलचक लिहिते आहे.

तर जमेल का? जमेल. माणसांची तुला आवड आहे आणि तो मुलगा तुझं ऐकून घेतो, हे मी दोनदा पाहिलंय.

आमंत्रणांची यादी काल बाबांनी दाखवली. त्यात तुझ्या होस्टेलच्या खोलीतल्या मैत्रिणीचं नाव नाही. तिला पत्रिका पाठवू नकोस, स्वतः लिही.

तुझी,
आई