लातूरच्या काकांना, बारवांच्या फोटोंबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर मी दहा वेळा "थँक्यू" म्हणालो असेन, पण मन भरलं नाही. शिवाय तुम्ही दाखवलेली चूक इतरांच्याही हातून होऊ शकते, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

त्या रात्री मी अंबाजोगाईत माझ्या खोलीवर होतो. तीन वर्षं मोटारसायकलवर फिरून काढलेले मराठवाड्यातल्या बारवांचे, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींचे, ३,४०० हून जास्त फोटो लॅपटॉपवर होते. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव होती, जिंतूर तालुक्यातलं चारठाणं होतं, आणि कुठल्याच यादीत नसलेल्या, झुडपात बुजलेल्या कितीतरी. फोटो लहान करायला मी पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली होती. 'कामचलाऊ' नावाच्या फोल्डरमध्ये फोटो घ्यायचे, काम करायचं, शेवटी शटिलच्या आरएमट्रीनं (आतल्या सगळ्यासकट अख्खं फोल्डर पुसणारं पायथॉनचं फंक्शन) ते फोल्डर पुसून टाकायचं. रोज व्यवस्थित चालायचं. त्या आठवड्यात डिस्क भरत आली, म्हणून कॉपी करायच्या ऐवजी मी मूळ फोल्डरांची जंक्शनं तिथं ठेवली. जंक्शन म्हणजे विंडोजमधली एक लिंक: दिसते फोल्डरसारखी, पण नेते दुसरीकडच्या खऱ्या फोल्डरमध्ये. सिमलिंक या दुसऱ्या प्रकारच्या लिंकला ॲडमिनचे हक्क मागत होतं, जंक्शनला मागत नव्हतं, एवढंच कारण. स्क्रिप्ट संपली. 'कामचलाऊ' गेलं. मग मूळ फोल्डर उघडलं, तर वालूर रिकामं. चारठाणं रिकामं.

तुमचा नंबर एका मित्रानं दिला होता. रात्रीचे सव्वाअकरा झालेले, आणि तुम्ही मला ओळखतही नव्हता. पहिलं वाक्य मला अजून ऐकू येतं: "लेकरा, आता काय करायलास ते सगळं थांबव. लॅपटॉप बंद कर. त्या डिस्कवर एक अक्षर लिहू नको." मी त्याच डिस्कवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवायला घेतलं होतं. तुम्ही अर्धा तास उशिरा फोन उचलला असता, तर काय झालं असतं याचा विचारसुद्धा करवत नाही. पुसलेल्या फाइलची फक्त जागा मोकळी म्हणून नोंद होते, आतला मजकूर वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथंच पडून असतो, हे तुम्ही मला शांतपणे समजावलंत. जुनी फिरती हार्ड डिस्क आहे हे विचारून घेतलंत आणि म्हणालात, "मग आशा आहे. एसएसडी असती तर अवघड होतं."

दुसऱ्या दिवशी डिस्क काढून मित्राच्या मशीनला जोडली. तुम्ही फोनवर, मी कीबोर्डवर, सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत. मधे दोनदा लाइट गेली, दोन्ही वेळा तुम्हीच परत फोन केलात. फोटो आले. काहींची नावं गेली होती, पण कॅमेऱ्यानं फोटोच्या आत लिहून ठेवलेली तारीख आणि वेळ शाबूत होती. माझ्या वहीतल्या प्रवासाच्या नोंदींशी ती ताडून पाहिली आणि बहुतेक फोटो आपापल्या गावी परतले. १९ फोटो सापडले नाहीत.

एवढ्यावर तुमचं काम झालं होतं. तरी तुम्ही म्हणालात, "आता चूक स्वतःच्या डोळ्यानं बघ." रिकामं फोल्डर करायला लावलंत, त्यात झाडाचे तीन फोटो. शेजारी दुसरं फोल्डर, त्यात पहिल्याचं जंक्शन. "आता पायथॉनला विचार, ही लिंक आहे का?" इजलिंक या फंक्शननं उत्तर दिलं, फॉल्स, म्हणजे नाही. "फोल्डर आहे का?" ट्रू, म्हणजे हो. "काय दिसायलंय तुला?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ७ आणि पायथॉन ३.७. त्या आवृत्तीला जंक्शन म्हणजे साधं फोल्डरच वाटतं, त्यामुळे आरएमट्री सरळ आत उतरते आणि पलीकडचं खरं सामान पुसून येते. पायथॉन ३.८ पासून ती जंक्शनच्या आतलं न पुसता फक्त जंक्शन काढते. ३.१२ मध्ये तर इजजंक्शन असं वेगळं फंक्शनच आलं. फोल्डरांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या डीआयआर कमांडनं मात्र नावाशेजारी जंक्शन असं स्पष्ट लिहून दाखवलं होतं. मी कधी बघितलंच नव्हतं.

तुम्ही माझ्याच विषयातला दाखला दिलात तो मी विसरणार नाही. एका बाजूनं उतरायचं ती नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तीन जया, चार विजया, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "विजयेत चारही बाजूंनी उतरलास तरी पाणी एकच ना? चार जिने बघून चार विहिरी समजलास, आणि एक बुजवायला गेलास." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ नुसता बसून होतो.

आता स्क्रिप्ट दुरुस्त केली आहे. पुसण्याआधी प्रत्येक फोल्डरवर एलस्टॅट (लिंकच्या पलीकडे न जाता तिचीच माहिती देणारं फंक्शन) चालवतो आणि त्याच्या ॲट्रिब्यूटमध्ये रिपार्स पॉइंटचा १०२४ चा बिट, म्हणजे जंक्शनसारख्या लिंकवर विंडोजनं लावलेली खूण, आहे का ते बघतो. असला तर आत न जाता साध्या आरएमडिरनं (आतलं काही न पुसणारं फंक्शन) फक्त जंक्शन काढतो. खरे फोटो जागच्या जागी राहतात. तुमच्या सांगण्यावरून आधी झाडाच्या फोटोंवर सात वेळा चालवून पाहिली. आणि सगळ्याची एक प्रत बहिणीकडे परभणीला वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे.

काका, पैशाचं विचारलं तेव्हा तुम्ही रागावलात, म्हणून परत विचारत नाही. न सापडलेल्या १९ पैकी ११ फोटो चारठाण्याचे आहेत. ते पुन्हा काढायला पुढच्या रविवारी निघतोय. तुम्ही चारठाणं पाहिलं नाही म्हणाला होता. मित्राची गाडी आहे, पुढची सीट तुमच्यासाठी ठेवली आहे. सकाळी सहाला लातुरात घ्यायला येतो. काकूंनाही विचारा.

आपला,
अंबाजोगाईचा बारववाला