फ्रिक संग्रहालय ‘मेट’नंतर उरलेल्या तासात उरकू नये

महोदय,

उन्हाळा आला की न्यू जर्सीत मुलाकडे-मुलीकडे निघालेल्या आई-वडिलांसाठी ‘न्यूयॉर्क दोन दिवसांत’ छापाच्या याद्या सर्वत्र छापून येतात. त्यांत एका उद्योगपतीच्या जुन्या घरातल्या फ्रिक कलासंग्रहालयाच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते: ‘मेट (मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय) पाहून झाल्यावर जवळच.’ जवळ आहे हे खरे. दोन्ही फिफ्थ ॲव्हेन्यूवर, मेट ८२व्या रस्त्यापाशी आणि फ्रिक ७०व्या. पण मेटमध्ये चार तास पायपीट करून आल्यावर सोळाव्या शतकातला चित्रकार होल्बाइन याच्या चित्रांसमोर उभे राहण्यात काही राम नाही. शिवाय फ्रिकची सुट्टी मंगळवारी, मेटची बुधवारी. जुन्या गाइडबुकांत फ्रिकचा बंदचा वार सोमवार दिलेला आहे, आणि २०२१ ते २०२४ मधल्या माहितीत तर पत्ताच वेगळा, कारण नूतनीकरणाच्या काळात चित्रे मॅडिसन ॲव्हेन्यूवरच्या दुसऱ्या इमारतीत होती. मूळ घर एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा उघडले.

सर्वांत मोठा घोळ होतो तो नातवंडांमुळे. दहा वर्षांखालच्या मुलांना आत प्रवेशच नाही. हा आडमुठेपणा नव्हे. पुष्कळ वस्तू काचेच्या पेटीत नाहीत, फुलदाण्या आणि फर्निचर अगदी हाताशी आहे. समोरच सेंट्रल पार्क आहे, तेव्हा एकाने मूल सांभाळायचे आणि दुसऱ्याने आत जायचे, हाच उपाय. मात्र तिकिटावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते. म्हणून दोघांची तिकिटे एकाच वेळेची न काढता दोन-अडीच तासांच्या अंतराने, ऑनलाइन आणि आधीच काढावीत. न्यू जर्सीतल्या एडिसनहून ट्रेनने न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला उतरलात तर ‘ई’ सबवेने लेक्सिंग्टन-५३ गाठावे, तिथे ‘६’ क्रमांकाची अपटाउन गाडी पकडून ६८व्या रस्त्यावर उतरावे. पुढे चालणे थोडेच. दार फिफ्थ ॲव्हेन्यूवर शोधू नये. ते ७०व्या रस्त्यावर आहे.

हेन्री क्ले फ्रिक कोक (दगडी कोळशापासूनचे भट्टीचे इंधन) आणि पोलादाच्या धंद्यात गब्बर झाला. १८९२ मध्ये होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातल्या संपात त्याने कामगारांवर सशस्त्र भाडोत्री पहारेकरी घातले, त्याबद्दल अमेरिकेत आजही कोणी चांगले बोलत नाही. नजर मात्र पक्की होती. १९१४ मध्ये बांधून झालेले हे घर १९३५ मध्ये लोकांसाठी खुले झाले. चित्रे देशवार किंवा शतकवार लावलेली नाहीत. राहत्या घरात शोभतील तशी आहेत. भिंतीवर माहितीच्या पाट्या जवळजवळ नाहीतच. फोनवर मोफत मार्गदर्शक ॲप मिळते, म्हणून इअरफोन आणि चार्ज केलेला फोन जवळ हवा. दालनांत फोटोला मनाई आहे, हे एका परीने बरेच.

निम्मा वेळ दिवाणखान्यासाठी राखावा. शेकोटीच्या एका बाजूला होल्बाइनने १५२७ मध्ये रंगवलेला इंग्लंडचा मुत्सद्दी थॉमस मोर, दुसऱ्या बाजूला त्याचाच वैरी, राजमंत्री थॉमस क्रॉमवेल आणि मध्ये, शेकोटीच्या वर, चित्रकार एल ग्रेकोचा संत जेरोम. एकमेकांकडे तोंड करून बसवलेल्या मोर आणि क्रॉमवेल या दोघांचीही मुंडकी पुढे इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने उडवली, मोरचे १५३५ मध्ये आणि क्रॉमवेलचे १५४० मध्ये. मोरच्या हनुवटीवरचे न केलेल्या दाढीचे खुंट आणि बाहीवरच्या लाल मखमलीची चमक दोन-तीन फुटांवरूनच कळते. समोरच्या भिंतीवरच्या, व्हेनिसचा चित्रकार बेलिनी याच्या संत फ्रान्सिसचे उलट आहे: आधी लांबून सबंध डोंगर आणि त्यावर पडलेला प्रकाश पाहावा, मग जवळ जावे. संताच्या उजव्या बाहीखाली दगडांतून डोकावणारा ससा आणि मेजाखाली काढून ठेवलेल्या खडावा घाईत हमखास निसटतात.

डच चित्रकार व्हर्मीरची जगात मिळून तीस-पस्तीसच चित्रे उरली आहेत. त्यांतली तीन इथली. त्यांतली दोन आकाराने लहान. ‘हसणारी मुलगी आणि शिपाई’ तर जेमतेम ५० सेंटीमीटर उंचीचे, त्यामुळे भल्या मोठ्या दालनाच्या धुंदीत लोक तसेच पुढे जातात. ही चित्रे क्वचितच बाहेरगावी जातात, तरी निघण्यापूर्वी संकेतस्थळ पाहावे. फ्रेंच चित्रकार फ्रागोनारच्या प्रेमचित्रांच्या दालनात मला स्वतःला साखर जरा जास्त वाटते. ज्या मादाम द्यु बारीसाठी, म्हणजे पंधराव्या लुईच्या प्रेयसीसाठी, ती काढली तिनेही ती चित्रे परत पाठवलीच होती.

वरचा मजला, म्हणजे कुटुंबाच्या निजायच्या खोल्या, २०२५ मध्ये प्रथमच खुला झाला. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट आहे. खुद्द फ्रिकच्या शयनगृहात फ्रेंच चित्रकार अँग्र याने रंगवलेली काउंटेस दोसोंव्हिल आहे. तिचा उजवा हात खांद्यातून नव्हे, छातीतून फुटल्यासारखा दिसतो. चित्रकाराने ते जाणूनबुजून केले आहे.

निघण्याआधी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले टाटांच्या संग्रहातून आलेले युरोपीय चित्रांचे दालन पाहून घेतले, तर तैलरंग कसे वाचायचे याचा डोळ्यांना सराव होतो. आणि पुढच्या पर्यटन पुरवणीत, जागा कितीही कमी असो, फ्रिकच्या त्या एका ओळीत वयाची अट आणि बंदचा वार तेवढा छापावा, ही विनंती.

– एक कलाभ्यासक, ठाणे