बाई, डिडनं दप्तर उचललं त्या दिवसासाठी थँक्यू

प्रिय बाई,

तुमच्या निरोप समारंभात मला दोन शब्द बोलायला सांगितले होते आणि माईक हातात आल्यावर मला काही बोलताच आलं नाही, ते मनात राहून गेलंय, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय.

मी शाळेत नवीन आलो तेव्हा सहावीला पास्ट टेन्स शिकवायचा म्हणजे फळ्यावर तीन रकाने आखायचे आणि गो वेंट गॉन, ईट एट ईटन असं घोकून घ्यायचं एवढंच मला माहीत, मी स्वतः तसाच शिकलो होतो. पोरं पाढ्यासारखी तालात म्हणायची, आणि वही उघडली की प्रत्येकाचं आय डिड नॉट वेंट. मी लाल पेनानं वेंट खोडून गो करायचो, दुसऱ्या दिवशी परत तेच. एकदा चिडून एका पोराला बाहेर उभं केलं. तुम्ही व्हरांड्यातनं जाताना त्याची वही बघितलीत आणि मला म्हणालात, सर, पोरगं मराठीच्या वाटेनं बरोबर चाललंय. मी गेलो, मी गेलो नाही. आपल्याकडं नाही लागलं तरी गेलो तसंच राहतं, मग त्यानं वेंट का बदलावं?

हे मला कधी सुचलंच नव्हतं बाई.

मग तुम्ही त्याच पोराला आत बोलावलंत, तू गो. त्याच्या पाठीवर दप्तर अडकवलं, आता तू वेंट, दप्तर म्हणजे भूतकाळ. मग एका मुलीला उठवलंत, ही डिड, ही आली की दप्तर ही घेणार. तिनं त्याच्या पाठीवरनं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला लावलं आणि तुम्ही विचारलंत, आता हा कोण? अख्खा वर्ग ओरडला, गो! पोरगं मोकळं खांदे हलवत हसत उभं होतं, मघाशी मी बाहेर काढलेलं तेच. अजूनही कुणी डिड यू वेंट म्हणालं की मागनं आवाज येतो, दप्तर कुणाकडंय रे?

आणि ते जा चं. पोरं म्हणाली, गो ला शेवटी ईडी (-ed) लावून गोड (goed) का नाही होत, तर तुम्ही उलटं विचारलंत, बस चं बसला, धाव चं धावला, मग जा चं जाला का नाही? कर चं करला का नाही? घरातलं बारकं पोर करलं म्हणतं का नाही? सगळी हसली, कारण प्रत्येकाच्या घरी एक बारकं होतंच. जे शब्द दिवसभर तोंडात असतात तेच वाकडे राहतात, इंग्रजीतली सगळ्यात जास्त वापरातली दहा क्रियापदं घ्या, बी हॅव डू से गो गेट मेक टेक कम सी, एकालाही ईडी लागत नाही. पोरांची भीती तिथंच गेली.

ईडीचा उच्चार तर मी स्वतः तुमच्याकडनं शिकलो. मी वॉशेड, जंपेड वाचून घ्यायचो. तुम्ही गळ्यावर बोटं ठेवायला लावलीत, प्ले म्हणताना शेवटी गळा थरथरतो म्हणून प्लेड, वॉश च्या शेवटी नुसती हवा म्हणून वॉश्ट, आणि वॉन्ट, नीड च्या शेवटी ट ड आधीच बसलेला म्हणून तिथं वॉन्टिड, नीडिड. तुम्ही स्वतः पाचवीत एबीसीडी शिकलेल्या, 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा तुमची दहा-बारा वर्षं नोकरी झालेली, तरी हे सगळं तुम्ही नव्यानं शिकून घेतलंत आणि माझ्यासारख्याला काही न लपवता दिलंत, माझ्या चुकीबद्दल स्टाफरूममध्ये एक अक्षर काढलं नाहीत. त्याचे आभार कसे मानू कळत नाही.

एक मात्र अडलंय. काल मी गावाला गेलो होतो चं नुसतं आय वेंट पुरे असताना पोरं आय हॅड गॉन करतात, होतो दिसलं की हॅड लावतात, आणि त्याला दप्तरासारखं काही मला अजून सुचत नाहीये. शनिवारी सकाळची शाळा असते, या ना एकदा. सहावीच्या वर्गात तुमची खुर्ची आहे तिथंच आहे.

तुमचा,
शेजारच्या वर्गातला सर