पावतीवरचा कर आणि तंबोऱ्याची जवारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवारच्या पुरवणीतला बारावीनंतर संगीतनिर्मिती शिकण्याविषयीचा लेख वाचला. चहा तसाच राहिला. लेखकमहाशयांचे म्हणणे असे, की या क्षेत्रात पदवीला कुणी विचारत नाही, हातात कौशल्य हवे आणि ते वर्षभराच्या डिप्लोमात येते. आणि हे छापलेत कुठे, तर चित्रपटांचे ध्वनिसंयोजक रसूल पूकुट्टी यांच्या फोटोखाली! पूकुट्टी भौतिकशास्त्राचे पदवीधर आहेत. त्यानंतर ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, १९९५ साली तिथून बाहेर पडले आणि २००९ साली त्यांना ऑस्कर मिळाले. तिथला ध्वनीचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, नुसत्या बारावीवर त्याला प्रवेश नाही. 'पदवी नको' हे सांगायला नेमका हाच फोटो निवडल्याबद्दल आपल्या पुरवणी विभागाचे मनःपूर्वक अभिनंदन.

एवढ्या तावातावाने लिहितो आहे, कारण माझ्या मुलीने २०२३ साली बारावीनंतर हेच केले. तेव्हाही असाच एक लेख वाचनात आला होता. कोणत्या वर्तमानपत्रात, ते सांगत नाही.

पुण्यातली एक खासगी संस्था. नाव लिहीत नाही, उगाच नोटीस यायची. समुपदेशक म्हणून एक गोड बोलणारा मुलगा होता. त्याने आम्हाला स्टुडिओ दाखवला. काचेपलीकडे आवाज जुळवायचा एवढा मोठा मिक्सिंग कन्सोल, की आमच्या पोस्टातले टपाल छाननीचे टेबल त्यापुढे लहान वाटावे. मुलीचे डोळे तिथेच अडकले आणि समुपदेशकाला कळले की काम झाले. 'काका, दोनच सीट राहिल्यात.' वर्षभरात माझी मुलगी त्या कन्सोलसमोर दोनदा बसली. त्यातले एकदा माहितीपुस्तिकेच्या फोटोसाठी. बाकी वर्ष स्वतःच्या लॅपटॉपवर गेले, आणि तो लॅपटॉपही आम्हीच घेऊन दिलेला.

फी ३,८०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६८,४००. एकूण ४,४८,४००. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलो, तर साहेबांनी एकच विचारले, 'विद्यापीठ कुठलं?' मी माहितीपुस्तिका पुढे केली. तिच्यावर 'आंतरराष्ट्रीय दर्जा' असे सोनेरी अक्षरात छापलेले. साहेबांनी ती दोन्ही हातांनी आदरपूर्वक परत दिली. शेवटी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले.

पुढच्या वर्षी आयकरात काही सवलत बसते का, म्हणून पावती मेहुण्याला दाखवली. तो करसल्लागाराकडे कामाला असतो. त्याने चष्मा वर केला आणि म्हणाला, 'दाजी, सरकारच्या लेखी हे शिक्षणच नव्हे. शिक्षण असतं तर जीएसटी लागलाच नसता.' मग त्याने समजावले. कायद्याने मान्य असलेली पदवी किंवा पदविका ज्यातून मिळते, त्या शिक्षणाच्या फीवर हा कर नसतो. बाकीचे सगळे शिकवणे म्हणजे सेवा. हॉटेलात उतरलो, खोलीचे भाडे भरले, तसेच हे. म्हणजे बँकेच्या साहेबांनी जे तोंडाने सांगितले, तेच पावतीवरही छापलेले होते. माझी ३४ वर्षे पोस्टात फॉर्म तपासण्यात गेली. नेमका हा एक कागद मी बेरीज बघून घडी घालून ठेवला. चूक माझी, मान्य. पण आपल्या लेखात अख्खा रकाना हेडफोन कोणते घ्यावेत यावर खर्च झाला आहे, त्यात एक ओळ पावतीवर बसली असती.

आता मुख्य गोष्ट. संस्थेत शेवटच्या सत्रात एक प्रकल्प होता, कोणतेही एक खरे वाद्य ध्वनिमुद्रित करायचे. मुलगी म्हणाली, तंबोरा. आम्ही मिरजेचे, दुसरे काय सुचणार? सतारमेकर गल्लीतल्या एका चाचांनी त्यांच्याकडचा जुना तंबोरा विश्वासाने दिला. तो गवसणीत घालून, महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या गर्दीत भोपळ्याला कुणाचा गुडघा लागू नये म्हणून मी मिरज ते पुणे दाराशी उभा राहिलो. मुलीने घोडीपासून, म्हणजे भोपळ्यावरच्या ज्या पट्टीवर तारा टेकतात तिच्यापासून, हात-दीड हातावर माईक लावला, रात्री साडेअकराला रहदारी थांबल्यावर रेकॉर्डिंग केले. मी ते ऐकले आहे. माझे कान काही उस्तादांचे नव्हेत. पण मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी जी संगीतसभा भरते, तिथे रात्र रात्र बसलेला माणूस आहे मी. मुद्रण उत्तम होते.

शिक्षकांनी हेडफोन लावला आणि म्हणाले, 'तार सैल आहे का? बझ येतोय. काढून टाक.'

संपादक महाराज, त्यांना जो बझ वाटला, ती जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवून, घोडीचा माथा कानशीने केसाएवढा घासत घासत कारागीर ती आणतो. तार माथ्याला हलकेच शिवते, सुटते, पुन्हा शिवते, त्यातून न छेडलेलेही स्वर आपोआप, स्वयंभू उमटतात आणि चार तारांचे वाद्य खोलीभर पसरते. आमच्याकडे याला जवारी काढणे म्हणतात. काढणे म्हणजे घडवणे. पुण्यात काढणे म्हणजे पुसणे, हे आम्हाला नवे होते.

मुलीने बिचारीने पुसली. गोंगाट घालवणारे ते सॉफ्टवेअर कसे चालते, हेही तिनेच मला सांगितले. जो आवाज सतत एकसारखा चालू असतो, पंख्याचा, एसीचा, त्याचा नमुना घ्यायचा आणि पूर्ण मुद्रणातून तो वजा करायचा. आता सतत एकसारखे चालू राहणे हाच तर तंबोऱ्याचा धर्म. सॉफ्टवेअरने तो पंखा समजून वजा केला. उरले ते ऐकवले तिने मला फोनवर. पाण्याच्या टाकीत कुणी चमचा आपटतो आहे असे वाटत होते. या टाकीला २० पैकी १६ गुण मिळाले. पहिल्या, जवारीसकटच्या मुद्रणाला ११ होते आणि शेरा होता, 'टोन स्वच्छ नाही'.

चाचांना हे सांगू की नको, असे झाले होते. सांगितले. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. तंबोरा मांडीवर घेऊन त्यांनी आधी भोपळा चाचपला, कुठे तडा गेला नाही ना ते पाहिले.

सगळेच वाया गेले असे म्हणणार नाही. ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच मिळणारी वीज, कोणत्या माईकला लागतो आणि कोणत्याला नाही, २४ बिटवर का मुद्रित करायचे, खोलीच्या कोपऱ्यात खर्ज का फुगतो, हे ती शिकली. एक तरुण शिक्षिका होत्या, त्या मनापासून शिकवत, सहा महिन्यांत सोडून गेल्या. ड्रमला किती माईक लावावेत हे तीन आठवडे शिकवले. डग्ग्याला कुठे लावावा हे एकही दिवस नाही. ते ती इथे येऊन मंडपवाल्या अण्णांकडून शिकली. स्पीकरमधली घूंऽऽ करणारी गुणगुणही त्यांनीच घालवून दाखवली, मिक्सर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर घेऊन. अर्थिंगच्या दोन वाटा झाल्या की वीज बोलायला लागते, एवढेच म्हणाले. ५० हर्ट्झ, म्हणजे घरच्या विजेची कंपनसंख्या, हा शब्द त्यांच्या तोंडी नाही. तो मुलीने मागून जोडला.

आता ती इथल्याच महाविद्यालयात बी. एस्सी. करते आहे, विषय भौतिकशास्त्र. फिल्म इन्स्टिट्यूटचा अर्ज भरायला पदवी लागते ना, म्हणून. एक वर्ष आणि साडेचार लाख जाऊन ती पुन्हा जिथे होती तिथे आली, फक्त वर्गातल्या मुलींपेक्षा वयाने मोठी. आपल्या लेखकमहाशयांनी अशा संस्थांची जी यादी दिली आहे, तिच्यातल्या किती जणांच्या पावतीवर जीएसटी असतो, एवढे त्यांनी फोन करून विचारावे. फोनचे पैसे मी देतो.

जाता जाता. त्याच लेखात 'सांगलीचे प्रसिद्ध तंबोरे' असे छापले आहे. तंबोरे मिरजेचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते मिरजेच्या नावाने. आपल्याच वर्तमानपत्रात ती बातमी आली होती, कात्रण माझ्याकडे आहे. सांगलीकरांकडे हळद आहे, नाटक आहे, गणपती आहे, कृष्णेचा घाट आहे. तंबोरा तेवढा आमच्याकडे राहू द्या.

पाणीपुरवठ्यावरचे माझे मागचे पत्र आपण निम्मे कापून छापले होते आणि नेमका टँकरचा भाग गेला होता. हेही कापणार असाल तर चाचांचा भाग काढा, त्यांना काही वाटणार नाही. पावतीचे आकडे मात्र तसेच ठेवा.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, मिरज