नव्या नाटककारांसोबत कोण बसणार?

मंडळी, नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ११ वाजता समाजमंदिरात बैठक आहे. पाऊस असला तरी होईल. टिनं गळतात, तेव्हा ताडपत्री आणा.

सहा पोरापोरींनी झाडीपट्टीसाठी, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या रंगभूमीसाठी, नाटकं लिहून दिली आहेत. तिघांचे आजी-आजोबा पूर्व पाकिस्तानातून येऊन गडचिरोलीत मुलचेऱ्याकडे वसलेले; घरात बंगाली, शाळेत मराठी. बाकीचे आईबापासोबत तेलंगणात मिरची तोडायला जाणारे. त्यातल्या एकीने पहिला अंक मजुरीच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलाय. वही उघडली की अजून ठसका लागतो. तो अंक वाचाच.

प्रत्येकामागे एक जुनाजाणता हवा, महिन्यातून दोनदा सोबत बसणारा. प्रवेश कुठे रेंगाळतो, पात्र उगाच का निघून जातं, एवढंच दाखवा. भाषा ‘शुद्ध’ करायला जाऊ नका. गेल्या साली मी एकाची संहिता लाल पेनाने रंगवून दिली. तो पोरगा पुन्हा फिरकला नाही. चूक माझीच.

२०२३ मध्ये परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीचा नट देशाला दिसला. लिहिणारा मात्र पडद्यामागेच राहतो.

दिवाळीनंतर हंगाम लागतो, नाटक मंडळ्यांच्या वडशात त्याआधीच नाटकं ठरतात. म्हणून संहिता दसऱ्यापर्यंत पक्क्या व्हायला हव्यात. सोबत बसणार असाल तर शुक्रवारपर्यंत इथेच नाव टाका. नुसता अंगठा दाखवू नका, त्यातून काही कळत नाही.